थांबायला लागणारी जागा

३ जून २०१४ च्या सकाळी दिल्लीहून गोपीनाथ मुंडे यांच्या अपघाताची बातमी बीड जिल्ह्यात पोचली, तेव्हा दुःखाच्या पाठोपाठ संशयही आला. केंद्रीय ग्रामविकासमंत्री म्हणून शपथ घेऊन त्यांना जेमतेम आठवडा झाला होता. ते विमानतळाकडे निघाले होते ते बीडला येण्यासाठीच. निवडणुकीतल्या विजयानंतर इथे त्यांचा सत्कार व्हायचा होता. वाटेतल्या एका चौकात त्यांच्या मारुती एसएक्स-फोरला टाटा इंडिकाने बाजूने धडक दिली. मुंडे मागच्या सीटवर होते आणि त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. एम्सच्या ट्रॉमा सेंटरमध्ये त्यांना मृत घोषित करण्यात आलं. दुसऱ्या दिवशी परळीजवळ वैद्यनाथ साखर कारखान्याच्या परिसरात अंत्यसंस्कार झाले, तेव्हा जमलेल्या गर्दीत एकच प्रश्न फिरत होता. टीव्हीवर दिसलेल्या गाडीचा चेंदामेंदा झालेला नव्हता. शहरातल्या रस्त्यावर एका लहान गाडीने मारलेल्या धडकेत धडधाकट माणूस जातो कसा? घातपाताची शंका घेतली गेली, सीबीआयने तपास केला, आणि कटाचा पुरावा काही निघाला नाही. तरीही जिल्ह्यात तो प्रश्न पूर्णपणे मिटलेला नाही.

आठ वर्षांनी तेच पुन्हा घडलं. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे, मराठा आरक्षणाच्या बैठकीसाठी रातोरात बीडहून मुंबईला निघालेले शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे यांची फोर्ड एंडेव्हर मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ पुढच्या अवजड वाहनाला धडकली. मेटे गेले, चालक वाचला. पुन्हा घातपाताची चर्चा झाली, चौकशीची मागणी झाली. एकाच गाडीत, एकाच धडकेत एक जण मरतो आणि दुसरा चालत बाहेर येतो, हे मनाला पटत नाही आणि मग कोणी तरी केलं असणार असं वाटू लागतं. चौकशा व्हायलाच हव्यात, त्याबद्दल वाद नाही. पण ‘कोणी केलं’ हे विचारण्याच्या भरात दुसरा एक प्रश्न विचारायचा राहून गेला, आणि त्याचं उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. त्या माणसाच्या शरीराला थांबायला जागा किती मिळाली? अपघाताची तीव्रता आपण गाडीच्या पत्र्यावरून ठरवतो, इथेच गल्लत होते. पत्रा चेपला म्हणजे गाडीला थांबायला जागा मिळाली. तेवढीच जागा आतल्या माणसाला मिळाली की नाही, हा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

वेगाने माणूस मरत नाही. विमानात बसलेला माणूस ताशी आठशे-नऊशे किलोमीटरने जात असतो आणि चहा पीत असतो. १० डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकन हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप यांनी स्वतःला रॉकेटच्या घसरगाडीवर पट्ट्यांनी घट्ट बांधून घेतलं, ताशी हजार किलोमीटरच्या वर वेग गाठला आणि सुमारे १.४ सेकंदांत ते थांबले. त्या काळात त्यांच्या शरीरावर त्यांच्या वजनाच्या ४६ पट जोर आला. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेनासं झालं, पण ते वाचले आणि पुढे १९९९ पर्यंत जगले. कारण थांबायला त्यांना भरपूर अंतर होतं आणि शरीर बांधलेलं असल्यामुळे ते सगळं अंतर त्यांच्या वाट्याला आलं. हिशेब अगदी सोपा आहे. प्रत्येक वेगाला एक उंची जोडलेली असते, म्हणजे त्या उंचीवरून पडलं तर जमिनीशी पोचताना तेवढा वेग येतो. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सुमारे १० मीटर, तिसऱ्या मजल्याची गच्ची. ताशी ८० म्हणजे २५ मीटर. ताशी १०० म्हणजे जवळपास ४० मीटर, तेरा मजली इमारत. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते, हे ध्यानात घेतलं नाही तर पुढचं काहीच कळत नाही. आता ही उंची थांबायला मिळालेल्या अंतराने भागायची. येणारं उत्तर म्हणजे शरीरावर आपल्या वजनाच्या किती पट जोर येतो ते. कडब्याच्या गंजीवर उडी मारलेलं पोर हसत उठतं आणि त्याच उंचीवरून फरशीवर पडलेल्याचं हाड मोडतं. दोघांची उंची सारखीच होती, भागाकार वेगळा होता.

या भागाकारावर मोटारीच्या सुरक्षिततेचं सगळं शास्त्र उभं आहे. १९५० पर्यंत समज असा होता की गाडी जितकी टणक तितकी सुरक्षित. मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांनी तो उलटा केला: माणसं बसतात तो पिंजरा टणक ठेवायचा, पण पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम असा करायचा की तो ठरलेल्या पद्धतीने चेपत जाईल. १९५९ मध्ये अशी गाडी बाजारात आली. त्याच वर्षी व्होल्वोचे नील्स बोलिन यांनी खांदा आणि कंबर या दोन्हींना धरणारा तीन टोकांचा बेल्ट दिला आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. हे दोन शोध एकाच वर्षी रस्त्यावर आले हा योगायोग असेल, पण एकाशिवाय दुसरा अर्धवटच आहे. समजा गाडी ताशी ५० च्या वेगाने झाडावर आदळली आणि तिचं नाक ६० सेंटिमीटर चेपलं. बेल्ट लावलेला माणूस गाडीला बांधलेला आहे, म्हणून ते साठ सेंटिमीटर त्याचेही झाले. दहा मीटर भागिले साठ सेंटिमीटर, म्हणजे वजनाच्या सोळा-सतरा पट. सत्तर किलोच्या माणसावर साधारण साडेअकराशे किलोचा जोर. छातीवर वळ उठतील, कदाचित गळ्याचं हाड मोडेल, पण माणूस राहील. बेल्ट न लावलेल्या माणसाला गाडी थांबल्याचं कळतच नाही. गाडी थांबत असतानाही तो ताशी ५० नेच पुढे जात असतो, आणि तो पुढच्या सीटच्या पाठीला पोचेपर्यंत पत्र्याचं चेपणं संपत आलेलं असतं. मग त्याला मिळतात ते सीटच्या पाठीतले आठ-दहा सेंटिमीटर. दहा मीटर भागिले दहा सेंटिमीटर, म्हणजे शंभर पट. हा सगळा प्रकार एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शात उरकतो. ‘मी हाताने धरून ठेवीन’ म्हणणाऱ्याने साडेअकराशे किलो कधी उचललेत का ते आठवून पाहावं. आणि मांडीवरचं दहा किलोचं मूल त्या क्षणी एकशे साठ किलोंचं होतं. त्याला कुठल्याही आईचे हात धरून ठेवू शकत नाहीत.

पण मुंडेंच्या अपघातात धडक बाजूने बसली होती, समोरून नव्हे, आणि इथे प्रामाणिकपणे थोडं थांबावं लागतं. तत्कालीन केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी तेव्हा म्हटलं होतं की मागच्या सीटवरचा बेल्ट केवळ शोभेचा असतो या गैरसमजामुळे आपण एक मित्र गमावला. मुद्दा बरोबर होता, पण त्यातली खात्री जरा जास्त होती. समोरून धडक बसली तर माणसापुढे दीड-दोन मीटर गाडी असते. बाजूने बसली तर दाराची जाडी आणि दारापासून बरगड्यांपर्यंतची पोकळी मिळून वीत-दीड वीत. बेल्ट ती वीत वाढवू शकत नाही. तो माणसाला जागेवर धरतो, डोकं समोरच्या खांबावर किंवा काचेवर जाण्यापासून काही प्रमाणात रोखतो, आणि धडक पलीकडच्या दाराला बसली असेल तर बराच उपयोगी पडतो. धडकेच्याच बाजूला बसलेल्याचा जीव बेल्टने नक्की वाचला असता असं कोणी सांगत असेल, तर ते पुराव्यापलीकडचं आहे. त्या अंतरासाठी दारातली आडवी पोलादी पट्टी आणि छतातून खाली उतरणारी एअरबॅग लागते, आणि २०१४ साली भारतातल्या फार थोड्या गाड्यांमध्ये ती होती. त्याच वर्षी जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच गाड्या ताशी ६४ ने आदळून पाहिल्या आणि पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. समोरच्या आणि बाजूच्या धडकेची चाचणी नव्या मॉडेलना सक्तीची झाली ती ऑक्टोबर २०१७ पासून.

तरीही दिल्लीच्या त्या धडकेने जो गोंधळ उडवला, त्याचं उत्तर याच हिशेबात आहे. शवविच्छेदनाच्या ज्या बातम्या आल्या त्यांत यकृताला इजा, पोटात रक्तस्राव आणि मानेच्या वरच्या मणक्यांना मार असा उल्लेख होता. बाहेरून फारशी जखम नाही, हेही लोकांना खटकलं होतं. अपघातात खरं तर तीन टकरा होतात. पहिली गाडीची समोरच्या वस्तूशी, दुसरी शरीराची गाडीच्या आतल्या भागाशी, आणि तिसरी शरीरातल्या अवयवांची शरीराशी. यकृत दीड किलोचं, मऊ, रक्ताने गच्च भरलेलं, आणि पोटात चार-दोन पडद्यांच्या आधाराने टांगलेलं. बरगड्या थांबल्या तरी ते सरकत राहतं. पन्नास पट जोर आला तर त्या क्षणापुरतं ते पंचाहत्तर किलोंचं होतं आणि आधाराच्या जागी फाटतं. मानेवर साडेचार-पाच किलोचं डोकं असतं. खालचं धड एकदम बाजूला ढकललं गेलं की डोकं मागे राहतं आणि सगळा ताण वरच्या दोन मणक्यांवर येतो. यातलं काहीही पत्र्यावर उमटत नाही. म्हणून ‘गाडीला तर काही झालेलं नाही’ हे वाक्य अपघाताबद्दल फार थोडं सांगतं. उलट, गाडीला फारसं काही झालेलं नसणं हीच काही वेळा वाईट खूण असते.

‘आमची गाडी मजबूत आहे’ हा जिल्ह्यातला दुसरा लाडका आक्षेप. फॉर्च्युनर, स्कॉर्पिओ, एंडेव्हर यांच्यावर बीडच्या राजकारणाचा आणि ठेकेदारीचा जीव आहे, आणि वजनाचा फायदा होतो हे काही अंशी खरंही आहे: दोन मोटारी समोरासमोर आदळल्या तर जड गाडीच्या वेगात फरक कमी पडतो. पण समोर पंचवीस टनांचा ट्रक असेल तर दोन टनांची गाडी आणि एक टनाची गाडी यांत फारसा भेद उरत नाही. त्यातही ट्रकच्या मागच्या कोपऱ्याला गाडीची एकच बाजू धडकली, तर चेपण्यासाठी बनवलेल्या पुढच्या पोलादी तुळया बाजूलाच राहतात आणि ट्रकचा कोपरा थेट बसलेल्या माणसांपर्यंत घुसतो. अमेरिकेतल्या आयआयएचएस या संस्थेने २०१२ मध्ये याच प्रकारच्या अरुंद धडकेची वेगळी चाचणी सुरू केली, तेव्हा नामांकित गाड्यांचीही भंबेरी उडाली. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीला सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, ते मर्सिडीजमध्ये. कंपनीने पोलिसांना दिलेल्या माहितीनुसार धडकेच्या पाच सेकंद आधी गाडी ताशी १०० ने होती आणि धडकताना ८९ ने. पुढे बसलेल्या दोघांनी बेल्ट लावले होते. ते गंभीर जखमी झाले, पण वाचले. मागे बसलेल्या दोघांनी लावले नव्हते. ते दोघेही गेले. याहून स्वच्छ तुलना प्रयोगशाळेतही सहज मिळत नाही. आणि मागच्याने बेल्ट न लावणं हा फक्त त्याचा खासगी मामला नसतो. २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिलं की मागचे बेल्टविना असतील तर पुढे बेल्ट लावून बसलेल्यांच्या मृत्यूचा धोका जवळपास पाचपट होतो. मागचा सत्तर किलोचा माणूस पुढच्या सीटवर काही टनांच्या जोराने येतो, एवढाच त्याचा अर्थ. साहेब मागे, बेल्टविना. जीव धोक्यात चालकाचा.

वरून आपण पैसे खर्च करून थांबायला मिळणारी ही जागा कमी करत असतो. गाडीच्या तोंडाशी लावलेला जाडजूड लोखंडी गार्ड रुबाबदार दिसतो, पण तो थेट चासीला बसवलेला असल्याने चेपण्याच्या भागाला चेपू देत नाही आणि एअरबॅगच्या सेन्सरलाही गंडवू शकतो. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये त्याला बेकायदा ठरवलं. शहरातल्या कुठल्याही ॲक्सेसरीच्या दुकानात विचारून पाहा. बेल्टची पिपाणी बंद करायला खोबणीत अडकवायची नकली क्लिप ऑनलाइन मिळायची. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ती विकणाऱ्या संकेतस्थळांवर कारवाई केली. एअरबॅग आहे म्हणून बेल्ट नको, असं म्हणणाऱ्यांना हे माहीत नसतं की फुगताना ती प्रचंड वेगाने अंगावर येते आणि बेल्टने मागे धरलेल्या माणसासाठीच तिचं मोजमाप केलेलं असतं.

गाडीने पेट घेतला किंवा ती पाण्यात गेली तर बेल्टमुळे अडकून पडू, हा आक्षेप जुना आणि चिवट. तो खोटा ठरवण्याची गरज नाही, असे अपघात होतात. पण ते फार थोडे, आणि त्यांतही बाहेर पडायला आधी शुद्धीवर असावं लागतं. बेल्ट न लावलेला माणूस आग लागण्याआधीच बेशुद्ध झालेला असण्याची शक्यता जास्त. बेल्टने इजा होते हेही खरं, विशेषतः कमरेचा पट्टा ओटीपोटावर चढवला तर. तो मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या वर्षी देशात बेल्ट न लावलेले १६,७१५ जण मेले, आणि त्यांतले निम्मे प्रवासी होते, चालक नव्हते. मागच्या सीटला बेल्ट कायद्याने सक्तीचा आहे, न लावल्यास एक हजाराचा दंडही आहे. मुंबई पोलिसांना तरी मिस्त्रींच्या अपघातानंतर, १ नोव्हेंबर २०२२ पासून, तो नव्याने जाहीर करावासा वाटला.

इथवरचा हिशेब धडकेनंतरच्या सेंटिमीटरांचा झाला. धडकेआधीचे मीटर मोजायला बीडचे रस्ते पुरेसे आहेत. गेवराई, बीड, मांजरसुंबा, चौसाळा असा जाणारा धुळे-सोलापूर महामार्ग आणि मांजरसुंब्याहून केज-अंबाजोगाईकडे जाणारा रस्ता आता रुंद, गुळगुळीत झाले आहेत, आणि गुळगुळीत रस्त्यावर ताशी शंभरचा वेग जाणवत नाही. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध चालकालाही दीड सेकंद लागतो. त्या वेळात ताशी ८० ने जाणारी गाडी ३३ मीटर गेलेली असते. मग कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरांवर कचकन ब्रेक मारला तर आणखी ३५ मीटर. एकूण ६८-६९. ताशी १०० ने जाणाऱ्या गाडीला सुमारे ९७ मीटर लागतात. हे एवढं सगळ्यांना साधारण ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते पुढचं. ८० ची गाडी ज्या जागी अगदी शेवटच्या क्षणी थांबली, त्याच जागी १०० ची गाडी ताशी ७० च्या वर वेगाने आदळते. म्हणजे वीस किलोमीटरच्या फरकातून सत्तर किलोमीटरची धडक निघते. टायर गोटा झालेले असतील, पावसाने चिखल रस्त्यावर आलेला असेल तर आकडे आणखी बिघडतात. रस्ते बांधणारे अभियंते माणसावर इतका विश्वास टाकत नाहीत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात ताशी ८० साठी पुढचा १२० मीटर आणि १०० साठी १८० मीटर रस्ता दिसला पाहिजे. पण रात्री डिपरवर उजेड पडतो तो चाळीस-पन्नास मीटर. त्या उजेडात थांबता येईल असा वेग ताशी साठच्या आसपास निघतो. अंधाऱ्या रस्त्यावर डिपर टाकून ऐंशीने जाणाऱ्याला पन्नास मीटरवर बंद पडलेली ट्रॉली दिसली, तर सगळं नीट करूनही तो तिच्यावर ताशी ५८ ने आदळणार. गाळप हंगामात अशी पंक्चर ट्रॉली रस्त्यात उभी असते आणि तिच्यामागे इशारा म्हणून चार दगड आणि बाभळीची फांदी ठेवलेली असते. ट्रॉली निघून जाते, दगड तिथेच राहतात. मे २०२५ मध्ये गढीजवळ दुभाजकावर चढलेली गाडी काढायला रात्री रस्त्यावर उतरलेल्या लोकांना मागून आलेल्या ट्रकने चिरडलं आणि सहा जण गेले, तेही याच मीटरांच्या तुटवड्यात.

ट्रॅक्टर आणि दोन ट्रॉल्या हे बीडच्या रस्त्यांवरचं सगळ्यांत मोठं कोडं आहे. चालणाऱ्या ट्रॉलीचा वेग ताशी वीस-पंचवीस. मागून येणाऱ्या मोटारीच्या दृष्टीने ती जवळजवळ उभीच. उसाची वाढी बाहेर लोंबत असतात आणि मागचा दिवा असलाच तर त्यांच्याआड जातो. बंपरच्या उंचीवर अडवायला काही नसतं, त्यामुळे मोटारीचं नाक ट्रॉलीखाली घुसतं आणि पहिली भेट होते ती काचेची, म्हणजे चेपणाऱ्या भागाचा उपयोग शून्य. दुसरी बाजू ट्रॅक्टरवाल्याची. बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. बावीस टनांचं लटांबर थांबवायची जबाबदारी ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर, आणि त्या चाकांवर भार असतो समजा साडेतीन टनांचा. हिशेब केला तर ताशी पंचवीसवरून थांबायला सपाट रस्त्यावर पंचवीस मीटर लागतात. मोटारीला त्याच वेगावरून साडेतीन मीटर पुरतात. वीसास एक उतार असेल तर हे अंतर दुपटीच्या वर जातं. दहास एक उतारावर ते थांबतच नाही, मागच्या ट्रॉल्या ट्रॅक्टरला ढकलत नेतात आणि चालकाने घाबरून ब्रेक दाबला की आडव्या येतात. घाटात उलटलेल्या ट्रॉलीच्या बातम्यांत ‘चालकाचं नियंत्रण सुटलं’ असं ठरावीक वाक्य येतं. नियंत्रण मुळात त्याच्या हातात होतंच किती?

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. बेल्ट, एअरबॅग, तारांकित गाड्या ही चर्चा ज्यांच्याकडे मोटार आहे त्यांची. या जिल्ह्यातून दर दिवाळीच्या सुमारास जी लाखो माणसं ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेऊन कोयता खांद्यावर टाकून बाहेर पडतात, त्यांचा प्रवास ट्रकच्या आणि ट्रॉलीच्या हौद्यात, भांडीकुंडी, सरपण आणि लेकराबाळांसकट होतो. तिथे कसला बेल्ट? आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच तो या हिशेबाच्या विरोधात जात नाही. हौद्यातल्या बाईला थांबायला जागा नाहीच. ट्रॉली कलंडली की तिच्यासाठी उरतो तो डांबरी रस्ता आणि वरून येणारं सामान. देशातल्या २०२२ च्या अपघाती मृत्यूंमध्ये ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते, त्यांच्यासाठीही हाच भागाकार लागू पडतो. मोटारसायकलवरून नुसतं कोसळलं तरी डोकं पावणेदोन मीटरवरून जमिनीवर येतं. कवटी आणि डांबर यांच्यामध्ये थांबायला तीन मिलिमीटर मिळाले तर जोर सहाशे पटींच्या घरात. हेल्मेटच्या आतलं थर्माकोलसारखं अस्तर अडीच सेंटिमीटर चेपलं तर सत्तर पट. पेट्रोलच्या टाकीवर ठेवलेलं किंवा कोपरात अडकवलेलं हेल्मेट ही जागा कोपराला देतं. जो गरीब आहे त्याला शास्त्र कमी लागू होत नाही, त्याला अंतर विकत घेता येत नाही इतकंच. आणि जे विकत घेता येत नाही ते कारखान्याने, महामंडळाने, सरकारने पुरवायचं असतं. ऊसतोड कामगारांसाठी मुंडेंच्याच नावाचं महामंडळ आहे. टोळ्या नेण्या-आणण्याला एसटीच्या गाड्या लावणं हे त्याच्या कामात बसायला हरकत नसावी.

ट्रॉल्यांवर कारवाई म्हणजे शेतकऱ्याच्या पोटावर पाय, असं लगेच म्हटलं जातं. ऊस वाळतो, वजन घटतं, कारखान्याच्या दारात आधीच दोन-दोन दिवस रांग. त्यात आरटीओने महामार्गावर अडवलं तर नुकसान शेतकऱ्याचंच. बरोबर आहे. पण महामार्गावर अडवायची गरजच काय? उसाची प्रत्येक ट्रॉली प्रत्येक खेपेला दोनदा काट्यावर येते, भरलेली आणि रिकामी. तिचा नंबर, मालक, वजन, वेळ सगळं तिथल्या नोंदीत असतं; एक क्विंटल इकडचं तिकडे झालं तर आंदोलन होतं. रिकामी ट्रॉली काट्यावर उभी असताना मागच्या फळीवर लाल पट्टी आहे का, दिवा लागतो का, हे बघायला काट्यावरच्या माणसाला एक मिनिट लागेल. पट्टी कारखान्यानेच चिकटवून वाहतुकीच्या बिलातून कापून घ्यावी. रस्ता सुरक्षा सप्ताहात फोटोपुरत्या दहा-वीस ट्रॉल्यांना पट्ट्या लावण्यापेक्षा हे स्वस्त पडेल. प्रकाश परतवणारी चांगली पट्टी मोटारीच्या दिव्यात दीडशे मीटरवरून चमकते, म्हणजे डिपरच्या पन्नास मीटरांत शंभराची भर. ट्रॉलीला ब्रेक बसवणं याहून महाग, आणि तिथे कारखान्यांची तक्रार समजण्यासारखी आहे. पण नव्या ट्रॉलीच्या नोंदणीला ब्रेकची अट घातली तर जुन्या ट्रॉल्यांचं आयुष्य संपेपर्यंत पाच-दहा हंगाम मिळतात. एक ट्रॉली ओढणाऱ्या ट्रॅक्टरला दुसरी जोडायची परवानगी मात्र घाटाच्या वाटेवर आजच बंद करता येईल. त्यासाठी ना निधी लागतो ना नवा कायदा. वाहतुकीच्या करारात एक ओळ लागते, आणि तो करार दर हंगामाला नव्याने होतच असतो.